एकोणीस तारखेची खूण

मी एकदा मेलो होतो. भर दुपारी, जेवण झाल्यावर, टाउनशिपच्या दवाखान्यात, हार्टच्या वॉर्डात, चार नंबरच्या पलंगावर. खोटंखोटंच मेलो होतो, पण तेही मला धड जमलं नाही.

मी तिथला अटेंडंट. आधी कारखान्यात मशीनवर होतो. नको तिथे हात घातला, दोन बोटं गेली, तेव्हा साहेबांनी हलकं काम म्हणून दवाखान्यात पाठवलं. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, पण शाळा काही माझ्यापर्यंत पोचली नाही. आकडे येतात आणि बरोबरची खूण करता येते. तेवढ्यावर नोकरी निघाली.

वॉर्डात शॉकचं मशीन माझ्याकडे होतं. हृदय बंद पडलं तर छातीला झटका देऊन चालू करतात ना, ते. रोज सकाळी त्याचा प्लग भिंतीतून काढायचा, मशीन बॅटरीवर चालतंय का बघायचं, बटण दाबलं की कागदाची पट्टी निघते ती रजिस्टरात चिकटवायची आणि तारखेपुढे खूण करायची. मी काय करायचो? एक तारखेला चहा घेत बसायचो आणि महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्या खुणा एकदम मारून टाकायचो. ही विद्या कारखान्यातली. तिकडे मशीनला तेल घातल्याचं रजिस्टर आम्ही असंच भरायचो, पहिल्या दिवशी अख्खा महिना. रजिस्टर भरलं म्हणजे मशीन ठीक. पट्टीबिट्टी कोणी विचारत नव्हतं. आणि मशीनचा हिरवा दिवा तर रोज लागलेला असायचाच.

त्या वर्षी वरून ठरलं, हार्टच्या वॉर्डाला मान्यतेचा कागद मिळवायचा. बाहेरून तपासणीवाले येणार. भिंती रंगल्या, नव्या चादरी आल्या. मी सगळ्यांना विचारत फिरायचो, "कागदानं कोणाचं हार्ट चालतं का?" सिस्टर म्हणाली, "तुम कम बोलो, दाढी बनाओ."

त्याच आठवड्यात माझा सख्खा दादा छातीत कळ येऊन भरती झाला. कारखान्यात फोरमन, राहायला अवधपुरीत. त्याला तीन नंबरचा पलंग मिळाला. वहिनी मला म्हणाली, "भावजी, तुम्ही आहात इथे, म्हणून मला घोर नाही." मी छाती फुगवली. दोन दिवस तशीच फुगवून फिरलो.

तपासणीला आलेल्या बाई हळू बोलायच्या. "एक मरीज़ चाहिए," त्या म्हणाल्या, "नकली." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नकली म्हटलं की मीच.

मी दादाच्या शेजारच्या पलंगावर आडवा झालो. बाई म्हणाल्या, "आपका दिल बंद हो गया है. आँख मत खोलिए." मी डोळे मिटले. कोणीतरी ओरडलं, पावलं धावली, ट्रॉलीची चाकं करकरली. भिंतीतून प्लग निघाल्याचा खट्ट आवाज आला. आणि मग काहीच नाही.

ते मशीन झटक्याआधी शिट्टीसारखं चढत जातं. मी त्या शिट्टीची वाट बघत होतो. ती येईना. इतकी माणसं भोवती उभी, पण श्वास एकाचाही नाही. फक्त शेजारून दादाच्या मॉनिटरचा आवाज, टिप, टिप, टिप. डोळ्यांपुढच्या अंधारात आधी वाटलं, हा माझाच. मग आठवलं, माझं तर बंद आहे. हात हलवावा म्हटलं तर हलेना. आणि नसलेली दोन बोटं, तीच नेमकी गार पडत चालली.

मी डोळे उघडले. मशीनचा पडदा काळाठिक्कर. त्यात मला माझं तोंड दिसलं, उताणं. सगळे मशीनकडे बघत होते. माझ्याकडे बघणारा एकटा दादा.

बाईंनी रजिस्टर उघडलं. "आज ग्यारह तारीख है ना?"

"जी."

"तो ये उन्नीस की जाँच किसने की?"

"मैंने."

"कब?"

मी म्हणालो, "मॅडम, मैं ज़रा आगे का देखके चलता हूँ."

सिस्टर कानाशी पुटपुटली, "बोलो, आज ही ख़राब हुआ." मी तेच बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तीन नंबरवरून दादा बोलला, अगदी हळू. "खुळ्या, हे मशीन माझ्यासाठीच ठेवलंय ना रे?"

मग मी सगळं ओकलो. प्लग कधी काढलाच नाही. बॅटरी किती महिन्यांपासून मेलेली आहे ते देवाला ठाऊक. हिरवा दिवा भिंतीतल्या करंटवर जळत होता, मी त्याला सलाम करून पुढे जात होतो.

कागद त्या वेळी हुकला. मला मेमो मिळाला, तो दादाकडूनच वाचून घ्यावा लागला. त्यानं दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा हसत. नवी बॅटरी मात्र त्याच संध्याकाळी आली. बाईंनी जाताना बजावलं, रजिस्टरात खाडाखोड चालणार नाही. केलेल्या खुणा तशाच राहतील, शेजारी रोजची पट्टी लागेल.

तेव्हापासून रोज सकाळी मी रजिस्टर उघडायचो, तर माझी खूण माझ्या आधी तिथे येऊन बसलेली. बारा, तेरा, चौदा. वळण माझंच, शाई माझीच. वाटायचं, माझ्यातला तो मेलेला पुढे चालतोय, सगळं ठीक आहे म्हणत, आणि मी पट्टी घेऊन त्याच्या मागे धावतोय.

एकोणीसला सकाळी मी प्लग काढला, बटण दाबलं, पट्टी निघाली, प्लग परत लावला. ती चिकटवायला गोंद शोधत होतो, तेवढ्यात वहिनीची किंकाळी आली. दादाच्या हातातला चहाचा कप चादरीवर कलंडला होता. मॉनिटरची टिप टिप थांबून एकच लांब आवाज लागला होता. ट्रॉली मीच ढकलली, झटका द्यायला सिस्टर धावली. प्लगचा खट्ट. मी डोळे मिटून घेतले, अगदी त्या दिवसासारखे.

शिट्टी चढत गेली.

दादा पलंगावर उडाला. थोड्या वेळानं पुन्हा टिप, टिप सुरू झालं. या वेळी ते कोणाचं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी कागद मिळाला. तो फ्रेममध्ये लावायला खिळा मीच ठोकला, वाकडा. दादा बघायला आला होता. मी त्याला जुनं रजिस्टर दाखवलं. एकोणीस तारखेवर त्यानं बोट ठेवलं, एकीकडे पट्टी आणि एकीकडे माझी एक तारखेलाच मारलेली खूण.

"त्या बाई आल्या नसत्या," दादा म्हणाला, "तर मी गेलो असतो. तुझ्या वहीत मात्र त्या दिवशी सगळं ठीकच होतं."

मी हसायला गेलो. जमलं नाही.