अर्ध्या सूर्यांची जोडी

लोणावळ्यात तुंगार्लीच्या अंगाला मुंबईकर शेटलोकांचे बंगले होते. त्यांतल्या तीन बंगल्यांची धुणीभांडी अंबूबाई करायची. ती मूळची टाकवे बुद्रुकची, शेतकऱ्याघरची. नवरा रखमाजी रेल्वेत गँगमन होता, म्हणून दोघं स्टेशनामागच्या रेल्वेच्या चाळीत राहत. मूलबाळ नव्हतं. अंबूबाईला एक खोड होती. एखादी गोष्ट कळली नाही की ती तिला सोडवत नसे. सिग्नलचा हात गाडी यायच्या आधी आपोआप कसा पडतो, हे तिनं लग्नानंतर आठवडाभरातच रखमाजीला विचारलं होतं. त्याच्या उत्तरानं समाधान होईना, तेव्हा ती थेट केबिनवाल्याकडे गेली आणि त्याला लोखंडी दांडा ओढून दाखवायला लावला.

बहात्तरच्या दुष्काळाची झळ मावळाला तशी कमी लागली. पण पुढच्या वर्षी भाव सगळीकडेच चढले. साखर रेशनवर, गोडंतेल दिसेनासं झालेलं, आणि धुण्याच्या साबणाची वडी घेताना बायका दोनदा विचार करू लागल्या. अशा दिवसांत एका बंगल्याच्या स्वयंपाकघरात अंबूबाईच्या हातात चहाचा रिकामा पुडा आला. उदयगिरी चहा, मोठा पुडा. त्याच्या पाठीवर अर्धा सूर्य छापलेला होता, भोवती तुटक रेघ, आणि रेघेच्या टोकाशी एक इवलीशी कात्री.

चहाच्या पुड्यावर कात्री कशाला, हा प्रश्न तिच्या डोक्यात बसला. चाळीत ते पुडे यायचेच नाहीत. तिथं सगळे सुटी पूड घ्यायचे, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. बंगल्यातल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, काहीतरी जाहिरात असेल. मग तिनं तो पुडा घरी आणला आणि रखमाजीपुढे धरला. रखमाजीला अक्षर ओळखून ओळखून वाचता यायचं. त्यानं दिव्याखाली धरून वाचलं की सूर्याचे दोन्ही अर्धे कापून जुळवा, दुकानदाराला द्या आणि साबणाची एक वडी फुकट न्या.

“मग दुसरा अर्धा कुटं हाय?” अंबूबाईनं विचारलं.

रखमाजी म्हणाला, दुसऱ्या पुड्यावर असेल. पण तो नव्हता. पुढचे कितीतरी दिवस ती तिन्ही बंगल्यांतले पुडे बघत राहिली. प्रत्येकावर डावाच अर्धा. शेजारच्या बंगल्यांतल्या मोलकरणींनाही तिनं बघायला सांगितलं. तिथंही डावाच. बाजारात पोपटशेठचं किराणा दुकान होतं. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, योजना खरी आहे, कंपनीची गाडी येऊन सांगून गेलीय, पण आजवर पुरा सूर्य घेऊन कोणी आलं नाही. कोणाकोणाचे अर्धे पडून आहेत. त्यांनी ड्रॉवर उघडून दाखवला, आणि तिथंही सगळे डावेच होते.

रखमाजीचं म्हणणं पडलं की कंपनीनं दुसरा अर्धा छापलाच नसणार, लोकांना झुलवायला. अंबूबाईला ते पटलं नाही. झुलवायचंच असेल तर कात्री तरी कशाला छापतील?

बाया म्हणून एक ठाकरीण होती. टाकव्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. मोसमाप्रमाणे रानभाजी आणि करवंदं, आळवं अशी रानफळं घेऊन ती कान्ह्याच्या स्टेशनातून गाडीनं लोणावळ्याला यायची आणि पाटी रिकामी झाली की अंबूबाईच्या दारात टेकायची. टाकव्याची म्हणून अंबूबाईला ती माहेरचं माणूस वाटे. एक दिवस बाया अशीच बसली होती. पाणी प्यायली, कमरेची पिशवी सोडली आणि मिश्रीची पुडी काढली. पुडीच्या कागदावर सूर्याचा अर्धा तुकडा होता, आणि तो उजवा होता.

अंबूबाईनं ती पुडी हातातून काढूनच घेतली. मिश्री सांडली.

“ह्यो कागद कुटला?”

“टाकव्याचा. हौशीरामच्या दुकानातला. चा सपला की त्यात मिशरी बांधते मी.” बाया म्हणाली. “लागला तर घे, पन मिशरी तेवढी दे माजी.”

रविवारी बंगल्यांचं काम उरकून अंबूबाई गाडीत बसली, कान्ह्याला उतरली आणि टाकव्यापर्यंत चालत गेली. हौशीरामचं दुकान म्हणजे एक फळी आणि मागं चार डबे. मोठा पुडा त्याच्याकडे नव्हताच. इथं तो घेणार कोण, असं तो म्हणाला. सणावाराला किंवा पाहुणा आला तर लोक छोटा पुडा नेत, मूठभर चहाचा. त्यानं माळेला लावलेले छोटे पुडे अंबूबाईनं एकेक करून उलटले. सगळ्यांवर उजवाच अर्धा.

आता तिला कळलं, पण खात्री हवी होती. परतल्यावर ती पोपटशेठकडे गेली आणि मोठा नि छोटा असे दोन पुडे शेजारीशेजारी ठेवायला सांगितले. शेठनी ठेवले, पाठी फिरवल्या आणि चष्मा वर केला. एवढे दिवस दोन्ही पुडे त्यांच्याच फळीवर होते. पण मोठा घेणारं गिऱ्हाईक छोटा घेत नसे, आणि छोटा घेणाऱ्याला मोठा परवडत नसे. त्यामुळे दोन अर्धे एका घरात कधी पोचलेच नव्हते.

बंगल्यांत आणि टाकव्याकडे अशी दोन्हीकडे ती जात होती, दुसरं कोणी जात नव्हतं. अंबूबाईनं बंगल्यांतल्या बाईंना विचारून रिकामे पुडे मागितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, घेऊन जा. रखमाजीला मात्र ते रुचलं नाही. गँगमनची बायको लोकांच्या घरचा कचरा गोळा करते, असं चाळीत झालं तर तोंड कुठं दाखवायचं, असं तो म्हणाला आणि दोन दिवस नीट बोलला नाही. अंबूबाईनं वाद घातला नाही. तिनं शिंप्याकडून जुनी कात्री मागून आणली आणि उंबऱ्यात सगळ्यांना दिसेल अशी बसून सूर्य कापले. चाळीतल्या बायका जमल्या, विचारू लागल्या, आणि लपवण्यासारखं काही उरलंच नाही.

वाडीवर पटवणं जास्त अवघड गेलं. कागदाच्या तुकड्यावर साबण मिळतो, यावर कोणाचा विश्वास बसेना. येसू नावाची एक म्हातारी म्हणाली की आधी अंगठा घेतील आणि मग जमीन. शेवटी बायानं दिलेला मिश्रीचा तो कागदच कामी आला. त्यावर पोपटशेठकडून आलेली पहिली वडी अंबूबाई वाडीवर घेऊन गेली, बायाच्या ओट्यावर ठेवली आणि तारेनं मधोमध कापली. अर्धा सूर्य वाडीचा, अर्धी वडी वाडीची. दुसरी अर्धी तिची स्वतःची, कारण येण्याजाण्याचे कष्ट तिचे. येसूम्हातारीनं तुकडा नाकाशी नेला, चाखूनही पाहिला. मग घरात गेली आणि आढ्याला खोचून ठेवलेले कागद घेऊन आली.

त्यानंतर टाकव्यातून, कान्ह्यातून, पार इंदुरीपासून अर्धे सूर्य बायाच्या पाटीतून लोणावळ्याला येऊ लागले. ज्या घरात कपडे राखेनं धुवत तिथं साबण दिसू लागला. लोणावळ्यातल्या दुसऱ्या मोलकरणीही आपले डावे अर्धे अंबूबाईकडे आणून देत आणि आपला वाटा नेत. पोपटशेठ वड्या देत होते, पण त्यांच्या कपाळावर आठी होती. या वड्यांचा हिशेब कंपनी मान्य करील की नाही, याची त्यांना धास्ती होती.

ती धास्ती खोटी नव्हती. एक दिवस कंपनीचे सरनाईक म्हणून साहेब मुंबईहून जीपनं आले. साऱ्या जिल्ह्यात मिळून आले नव्हते इतके पुरे सूर्य एकट्या पोपटशेठच्या दुकानातून आले होते. कोणीतरी खोटे छापतंय, असा मुंबईच्या कचेरीचा संशय होता. शेठनी घाबरून अंबूबाईचं नाव सांगितलं. साहेब चाळीत आले, तेव्हा रखमाजी नुकताच ड्यूटीवरून परतला होता. आता नोकरी गेली, असंच त्याला वाटलं. तो अंबूबाईच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, जे काय विचारायचं ते मला विचारा.

अंबूबाई त्याच्या मागून बाहेर आली. साहेबांना तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, सांगून काय कळायचं, चला, दाखवते.

सरनाईकांनाही आता उत्सुकता लागली होती. दुसऱ्या दिवशी जीप टाकव्यापर्यंत गेली, पुढं चढण, पायी. वाडीवरच्या बायकांनी घोंगडी टाकली, गुळाचा कोरा चहा दिला. साहेबांनी विचारलं, एकेकीनं सांगितलं. कोणी आपल्या छपरातून कागद काढून दाखवला, कोणी उरलेला साबणाचा तुकडा. त्यांनी तुकडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. खोटं काहीच नव्हतं. मग बायानं विचारलं,

“सायेब, दोनी तुकडं येकाच पुड्यावं का न्हाई छापलं?”

सरनाईकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “तसं छापलं असतं तर सगळ्यांनीच साबण मागितला असता.”

बायका हसल्या. येसूम्हातारीला ऐकू कमी यायचं, तिला दोनदा सांगावं लागलं, आणि मग ती सगळ्यांच्या नंतर एकटीच हसली. साहेबही हसले, जरा ओशाळून. उतरताना त्यांनी अंबूबाईला सांगितलं की शेठचा हिशेब मी मंजूर करतो, नियमात कुठंच म्हटलेलं नाही की दोन्ही अर्धे एकाच घरचे हवेत. तुम्हाला काही हवं असेल तर सांगा.

“पुडं भरत्यात ती जागा मला बघायचीय,” अंबूबाई म्हणाली.

अशी मागणी साहेबांकडे कधी आली नसावी. पण त्यांनी शब्द पाळला. पौषात, कामं थोडी हलकी झाल्यावर, अंबूबाई आणि बाया मुंबईला गेल्या. गोदीजवळ पत्र्याचं लांबलचक गोडाऊन होतं. आत शिरताच चहाचा वास असा भरून आला की बायाला शिंका आवरेनात. दोन रांगांत कामकरी बायका बसल्या होत्या, डोकी फडक्यांनी बांधलेली, पापण्यांवर बारीक तपकिरी धूळ. एका रांगेत मोठे पुडे, दुसऱ्या रांगेत छोटे. एकीनं भरायचं, दुसरीनं तोलायचं, तिसरीनं चिकटवायचं. अंबूबाई प्रत्येकीपाशी थांबली. तराजू रिकामा असताना कुठं थांबतो, खळ कशाची, चहा येतो कुठून, हे सगळं विचारलं. आसाम म्हणजे किती लांब, हे कोणालाच नीट सांगता येईना.

छोटे पुडे चिकटवणारी नंदाबाई नावाची बाई रत्नागिरीकडची होती. तिनं हळूच विचारलं की हा अर्धा गोळा कसला काढलाय यावर? इतके महिने चिकटवते, पण कधी कोणी सांगितलं नाही.

अंबूबाई तिच्या शेजारी बसली. समोरच्या रांगेतून एक मोठा पुडा मागून घेतला, छोट्याशेजारी ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. नंदाबाईनं काम थांबवून ऐकलं. मग मुकादमाकडे नजर टाकून विचारलं, फाटके पुडे आम्ही घरी नेतो, ते चालतील का? चालतील, अंबूबाई म्हणाली.

होळीनंतर नवे पुडे आले, त्यांवर सूर्य नव्हता. योजना संपली होती. शेवटची जोडी कान्ह्याच्या एका बाईची निघाली. वाडीवर पुढं काय, असा प्रश्न पडला, कारण साबणाची सवय झाली होती. बायानंच तोड काढली. तिनं घराघरातून थोडेथोडे पैसे जमवले आणि लोणावळ्याला आली. दोघी पोपटशेठकडे गेल्या आणि साबणाचं सबंध खोकं मागितलं, दुकानदारांना पडतं त्या भावानं. शेठ आधी नाही म्हणाले. सुट्या गिऱ्हाइकाला तो भाव देत नाही, असं त्यांनी सांगितलं. अंबूबाईनं विचारलं की मग कोणाला देता? दुकानाला, ते म्हणाले. तुमचं दुकान कुठलं, खोकं कोणाच्या नावावर लिहू, सांगा.

अंबूबाईनं बायाकडे पाहिलं.

“वाडीच्या,” बाया म्हणाली.

शेठनी तसं लिहिलं, आणि दर दोन महिन्यांनी बाया खोकं डोक्यावर घेऊन कान्ह्याच्या गाडीत बसू लागली.