काचेवरचं कुंकू

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. पिंपळगावला त्यांचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली त्यांची लाल टर्बो गाडी. कंपनीच्या मीटरवर यांचा विश्वास नाही, म्हणून स्टिअरिंगशेजारी ऑइलचा दाब, तापमान दाखवणारी वेगळी गोल गेज बसवून घेतलीत. निवडायला महिना घालवला, कारण काटा निळा की पांढरा हेच ठरत नव्हतं. रोज सकाळी ऑइल गरम होईपर्यंत गाडी घुरघुरत ठेवणार आणि धूर आमच्या चहात. बोललं तर वर म्हणणार, "भाऊ, इंजिनाची नाडी आहे ही. तुम्हाला नाय कळायचं!"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बळेच घोटीपर्यंत नेलं. पूजेत प्रत्येक गेजच्या काचेला कुंकवाचं जाड बोट लावलेलं. वाटेत ऑइल प्रेशरचा काटा घसरत त्या लाल ठिपक्यामागे गेला, तो वर येईचना.

"अहो, पुसा ते. काटा दिसत नाहीये!"

"दसऱ्याचं कुंकू पुसतात का?" माझ्यावरच डाफरले आणि गाडी आणखी दामटली.

घोटीच्या अलीकडे इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. हे गाडीतूनच गेजच्या दुकानदाराला फोनवर शिव्या घालायला लागले, की गेज भंगार आहे, वेळेवर सांगतच नाही! माझं डोकं सणकलं. मी रुमाल काढून काचेकडे हात नेला. त्यांनी फोन कानाला तसाच ठेवून माझं मनगट धरलं.

"भाऊ, राहू द्या. शुभ असतं ते."