सभेत बसण्याजोगा

ग्रामसभेत आई उभी राहून म्हणाली, "सरपंच, आमच्या गल्लीला महिनाभर पाणी का नाही?"

खुर्चीत रेललेले एक सदस्य हसले. "मावशी, ही सभा आहे, नळावरचं भांडण नाही. जरा सभ्यपणे बोला."

माझ्या अंगाची आग झाली. सभ्य म्हणजे सभेत बसण्याजोगा, हे मला शाळेतल्या बाईंनी शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळेच झालो. आणि इथे खुर्च्या रिकाम्या असताना आमच्या गल्लीतल्या बायका रीत म्हणून दाराशी, चपलांजवळ जमिनीवर बसतात. ज्यांना सभेने कधी खुर्चीवर बसूच दिलं नाही, त्यांना हे सभ्यपणा शिकवणार!

मी एक खुर्ची आईमागे ठेवली. "बस, आणि पुन्हा विचार."

ती अवघडून खुर्चीच्या कडेला टेकली. पण प्रश्न तिने मघापेक्षा मोठ्याने विचारला.