बसरा, शिमला आणि दोन मडकी चिंचोके

आमच्या मावसोबांइतका दोन्ही बाजूंनी विचार करणारा माणूस निजामाच्या उभ्या राज्यात दुसरा झाला नसेल, आणि म्हणूनच त्यांच्या हातून जन्मात एक गोष्ट धड ठरली नाही. मावसोबा म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. जालन्याला कादराबादेत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि स्टेशनात तारबाबूची नोकरी होती. पहिल्या लढाईत त्यांना बसऱ्याला नेलं. तिथल्या रेतीत साडेतीन वर्षं ते तंबूत बसून कट्ट-कडकट्ट करत राहिले. लढाई संपल्यावर घरी पाठवायचं सोडून कुणा साहेबाच्या मर्जीनं त्यांची रवानगी थेट शिमल्याच्या बर्फात झाली. तिथं आणखी चार वर्षं गेली. परत आले ते एक लोकरी कानटोपी, पाण्याची एक चामडी पिशवी आणि एक प्रश्न घेऊन. माणसानं राहावं कुठं, त्या उन्हात की त्या थंडीत? टोपीला पुढं कसर लागली, पिशवी गळायला लागली, पण प्रश्न पंचवीस वर्षं जसाच्या तसा राहिला.

बरं, प्रश्न डोक्यात ठेवून गप्प बसावं, तर तेही नाही. दोन्ही मुलखांच्या सवयी त्यांच्या अंगात अशा काही मिसळल्या होत्या की कोणती कुठली हे त्यांचं त्यांनाच उमगत नसे. वैशाखात, जालन्याचा रस्ता तव्यासारखा तापलेला असताना, हे कानटोपी घालून उकळता चहा पीत ओसरीवर बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बाहेरची गर्मी आत येत न्हाई." आणि पौषात सकाळी मावशी शेगडीशी शेकत बसली की हे ओला पंचा डोक्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारायचे. एकदा तर भर चैत्रात त्यांनी पाण्याच्या रांजणाला घोंगडी गुंडाळली. मावशीनं विचारलं, "हे काय करून राह्यले?" तर म्हणाले, "शिमल्याला गुंडाळलं न्हाई की गोठायचं." मावशी म्हणाली, "हितं आपण गोठून राह्यलो का उकडून राह्यलो, तेवढं बघा आधी." यावर त्यांनी घोंगडी काढून पिंपळाच्या बुंध्याला का गुंडाळली ते मला आजतागायत समजलेलं नाही.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हा प्रश्न घालत. पोस्टमन, न्हावी, मशिदीशेजारचे मुन्शीजी, कुणी सुटलं नाही. मुन्शीजी बिचारे सभ्य. ते म्हणायचे, "दोनो अपनी जगह बराबर है, तारबाबू," आणि त्यानं मावसोबांचा गोंधळ दुप्पट व्हायचा, कारण त्यांचंही मत नेमकं तेच होतं. दूध घालणाऱ्या गौळणीला त्यांनी एकदा विचारलं, "का गं, उन्हानं मेलेलं बरं का थंडीनं?" ती म्हणाली, "मालक, मरायचं कायला इचारता? जगायचं कुठं बरं ते सांगा, मंग मी बी येते." त्या दिवशी मावसोबा जेवले नाहीत. बाईनं मुद्द्याला हात घातला, म्हणाले.

शेवटी या प्रश्नाचा एकदाचा निकाल लागावा म्हणून त्यांनी कोनाड्यात दोन मडकी मांडली. एकाला चुन्याचा ठिपका, ते शिमल्याचं. दुसऱ्याला गेरूचा, ते बसऱ्याचं. काही चांगलं आठवलं की त्या त्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा. बसऱ्याचा ताजा खजूर आठवला, टाक बसऱ्याला. शिमल्याला ढेकूण नव्हते, टाक शिमल्याला. यंत्राच्या पितळेला हात लावला की फोड येई म्हणून बोटांना ओलं फडकं बांधून तारा पाठवल्या, हा बसऱ्याचा तोटा, चिंचोका शिमल्याला. पण फडकं बांधायला शिकवणारा अरब फार जीव लावायचा, म्हणून तो चिंचोका पुन्हा बसऱ्यालाच. शिमल्याला दौतीतली शाई गोठायची, ती काखेत धरून वितळवावी लागे, म्हणून एक बसऱ्याला. आणि एका मडक्यात थोडे जास्त झाले की यांना दुसऱ्याची दया यायची. "बिचाऱ्या शिमल्यावर जुलूम होऊन राह्यला," असं पुटपुटत ते दिवसभर शिमल्याचे गुण आठवत बसायचे. अशी बारा वर्षं गेली आणि मडकी भरत आली, दोन्ही सारखीच.

हे सगळं आम्हाला हसायला बरं होतं, माझ्या लग्नाची गोष्ट निघेपर्यंत.

आम्ही तीर्थपुरीचे. घरची शेती, पण दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शिकलेल्या जावयाचा भारी सोस. आणि आमच्याकडचा शिकलेला मुलगा म्हटला की तो नोकरीला कुठंतरी लांब गेलेलाच असायचा. त्या माघात दोन स्थळं एकदमच सांगून आली. एक मुलगा सरकारी कचेरीत कारकून, शिमल्याला. दुसरा शाळामास्तर, बिकानेरच्या संस्थानात, म्हणजे पुन्हा वाळवंट. दोन्हीकडची माणसं मला बघून, पसंत करून गेली. दोघांनाही पाडव्याला होय-नाही कळवायचं होतं. दादा बैलगाडी जुंपून जालन्याला आले आणि मावसोबांना म्हणाले, "साडूबुवा, दोन्ही मुलूख पाह्यलेला माणूस आपल्यात तुम्हीच. पोरीला उन्हात द्यावं का बर्फात, तुम्ही सांगाल ते बिलकुल कबूल."

मावशीनं डोक्याला हात लावला. मावसोबांची कानटोपी आनंदानं डोळ्यांवर आली. "पाडव्याच्या सकाळी चिंचोके मोजतो," ते म्हणाले. "ज्याचे जास्त, तिकडं पोरगी."

कुठल्याही घरी गेले तरी रुखवत लागणारच होतं, म्हणून मला ते करायला मावशीपाशी ठेवलं. मी तोवर जालन्याच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नव्हतं. आत बसून मी विणकाम करत असायची आणि बाहेर कोनाड्यात टक् असा आवाज व्हायचा.  त्या आवाजासरशी, आज मी कुठं निघाले, ते वाकून बघायला जायची. एकदा न राहवून मीच एक चिंचोका बसऱ्याच्या मडक्यात टाकला, आणि मग भीती वाटून आणखी एक शिमल्याच्या. मला तरी काय ठाऊक होतं? एकाचा फोटो पाहिला होता, त्यात तो खुर्चीमागं उभा होता आणि खुर्चीच नीट आली होती. दुसऱ्याचा फोटोसुद्धा नव्हता.

त्यात मुन्शीजींनी चांगल्या मनानं घोळ घातला. ते म्हणाले, शिमल्याची कचेरी थंडीत खाली दिल्लीला येते, आणि बिकानेरला पौष-माघात रात्री अशी थंडी पडते की मटक्यातल्या पाण्यावर पापुद्रा धरतो. मावसोबा हातातला चिंचोका तसाच धरून खाली बसले. "म्हंजे शिमल्यात दिल्ली हाये आन् वाळवंटात बर्फ हाये?" त्यांनी विचारलं. मग आठ दिवस त्यांनी अर्धे अर्धे चिंचोके फोडून टाकायचा प्रयत्न केला, त्यात अडकित्ता मोडला. मी रडायला लागले की ते घाबरून जवळ येत आणि ताटाच्या कडेवर बोटानं कट्ट-कडकट्ट वाजवत. भूक लागली की ते असं वाजवायचे. वीस वर्षांत मावशीला त्यातली भाकर आणि पाणी वेगळं ओळखू यायला लागलं होतं. माझ्यासाठी वाजवत ते काय होतं, ते तिलाही सांगता आलं नाही.

पाडव्याची गुढी उभी राहिली. दादा सकाळीच येऊन बसले होते. मावसोबांनी स्नान केलं, टोपी घातली, पाट मांडला आणि कोनाड्यातलं एक मडकं खाली घेतलं. ते इतकं हलकं निघालं की हातातून सुटता सुटता राहिलं. त्यांनी आत पाहिलं. मग दुसरं घेतलं. तेही रिकामं.

"इथले चिंचोके कुठं गेले?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मावशी आतून म्हणाली, "वाटून टाकले."

रुखवतात कागदाच्या लगद्याची टोपली हवीच. आमच्याकडच्या बायका जुने कागद भिजवून कुटतात, आणि लगदा घट्ट धरावा म्हणून त्यात चिंचोक्यांची खळ घालतात. मावशीनं परवाच चिंचोके भाजून, भिजत घालून, पाट्यावर वाटले होते. खळ लगद्यात कालवून टोपली थापायला मीच बसले होते. ते चिंचोके कुठले, हे मी विचारलं नव्हतं. देवाशपथ, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. टोपली तेव्हा अंगणात उन्हाला वाळत पडली होती.

"दोन्ही मडकी?" मावसोबा म्हणाले.

"मंग? एका मडक्यात एवढी मोठी टोपली व्हते व्हय?" मावशी म्हणाली. "बारा वर्सं कोनाडा अडवून बसल्ते. पोरीच्या कामाला तरी आले."

दादांना हसावं का रागवावं कळेना. मी दाराआड. मावसोबा उठले, अंगणात गेले, टोपलीपाशी उकिडवे बसून तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता हे रडतात. परत आले तेव्हा टोपी त्यांच्या हातात होती. त्यांना इतकं सरळ बोलताना मी तेवढंच ऐकलं.

"साडूबुवा, माझं माप खोटं हाये," ते म्हणाले. "तिथं गर्मी किती, थंडी किती, ते मला बराबर ठाऊक. पण दोन्हीकडं मी एकलाच होतो. साडेसात वर्सं ही हितं आन् मी तिथं. घरात कुणी असलं म्हंजे ती गर्मी कशी लागते, ते मला काय म्हाईत? पोरगी तर संसाराला चालली." मग म्हणाले, "मला तिथं असताना एकच याद यायची. श्रावणात पंचमीला हिला माहेरी कोण पोचवत असल."

 आत मावशीच्या भांड्यांचा आवाज थांबला.

मावसोबा तसेच अनवाणी स्टेशनाकडं निघाले. दादा मागं, "अहो, हे काय करून राह्यले?" करत. त्यांनी जे केलं ते आमच्या अख्ख्या गोतात कुणी केलं नव्हतं. मुलीकडच्यांनी मुलाच्या बापाशी बोलायचं, तेही मध्यस्थामार्फत. यांनी दोन्ही नवऱ्या मुलांना थेट तारा केल्या. तारेत तेव्हा मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावं लागे. मजकूर दोन्हीकडं एकच: पंचमीला लेकीला माहेरी कोण आणणार. दादांनी कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही स्थळं हातची जाणार, पोरीचं हसं होणार, म्हणून ते जेवायचे थांबले. मीही तेच धरून चालले होते, आणि खरं सांगते, मला त्या दिवशी मावसोबांचा फार राग आला होता.

तिसऱ्या दिवशी बिकानेरची तार आली. ती मावसोबांनीच यंत्रावर घेतली, स्वतःच्या हातानं लिहून काढली आणि टोपीत घालून घरी आणली. त्यात एकच शब्द होता: मी. शिमल्याहून दहा दिवसांनी पत्र आलं. अक्षर सुरेख होतं. रजेचे नियम पाहून वडिलांकरवी कळवतो, असं लिहिलं होतं. तोवर दादांनी सुपारी फोडली होती.

तर अशी मी वाळवंटात आले. टोपली बरोबर आली. आणि मास्तरांनी शब्द पाळला. श्रावण आला की तीन गाड्या बदलून, वाळूनं भरलेल्या बिछान्यासकट, ते मला जालन्याला आणून सोडत. स्टेशनावर मावसोबा उभे असत, भर श्रावणात कानटोपी घालून. मी उतरले की पहिला प्रश्न, "कसं हाये तिथं? खरं सांग." मी खरं सांगायची, की उन्हाळ्यात जीव नकोसा होतो आणि संध्याकाळी वाळू गार झाली की तिथून उठवत नाही. ते म्हणायचे, "म्हंजे अजून ठरलं न्हाई." त्यात त्यांना मोठं समाधान वाटे. मडकी पुन्हा कोनाड्यात चढली होती, पण आता म्हणे ती नुसती शोभेला होती. मावशी त्यांची राखण करायची आणि यांना चिंचोक्यापर्यंत जाऊ द्यायची नाही.

मग रझाकारांच्या धामधुमीचं साल आलं, तेव्हा गाड्यांचा भरवसा उरला नव्हता. मनमाडपर्यंत यायचं आणि पुढं काय ते देवाला ठाऊक. मास्तर दोनदा तिकिटाला जाऊन परत आले. त्यांचा उतरलेला चेहरा मला पाहवला नाही. आम्ही तार केली, ती पोचली की नाही ते समजलं नाही. मावशीनं मागाहून सांगितलं, मावसोबा पंचमीच्या आधी तीन दिवस रोज स्टेशनावर जाऊन बसले. नोकरी सुटून वर्षं झाली होती, पण जुन्या ओळखीनं त्यांना आत बसू देत. मनमाडकडून जी काय एखादी गाडी येई, तिच्यातून उतरणाऱ्याला विचारत, तिकडं गर्मी कशी आहे. चौथ्या दिवशी तापानं पडले. दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

मी जालन्याला गेले तेव्हा सगळं शांत झालं होतं, आणि त्यांचंही सगळं आटोपलं होतं. मावशी जेवायला बसली की ताटाच्या कडेवर बोट वाजवायची आणि मग एकदम थांबायची.

टोपली अजून माझ्याकडं आहे. कोरड्या हवेत तिला काही होत नाही. शिमल्याच्या ओलीत ती कधीच कुजली असती, आणि हा बसऱ्याचा एक चिंचोका मी त्यांना पत्रातून कळवलाही होता. पण रझाकारांच्या सालच्या उन्हाळ्यात पुसताना मला तिच्या तळाशी एक अख्खा चिंचोका दिसला. पाट्यावर वाटायचा चुकून राहून गेलेला, लगद्यात रुतून बसलेला. चुन्याच्या मडक्यातला की गेरूच्या, मला काही सांगता येईना. मावसोबांना दाखवावा म्हणून त्या पंचमीला मी ती टोपली बांधून ठेवली होती.