बमरोलीत म्हातारं कुणीच नाही

आमच्या क्लिनिकमध्ये गोळ्या दर आठवड्याला संपायच्या, किस्से मात्र वाढतच जायचे! नव्वदच्या दशकात, स्कॉटलंडमध्ये वृद्धांच्या आजारांचं खास शिक्षण घेऊन मी सुरतेला परतले आणि बमरोलीत, मराठी कामगारांच्या वस्तीत, क्लिनिक काढलं. आयुष्य कापडाच्या लूमवर घालवलेल्या माणसांना म्हातारपणी कुणीतरी नीट वेळ देऊन तपासावं, त्यांच्या घरच्यांशीही बोलावं, एवढंच माझं स्वप्न. ते मला आजही वेडेपणाचं वाटत नाही.

खोली एका ट्रस्टची होती. ट्रस्टी मनहरकाका साड्यांचे व्यापारी. त्यांनी आधीच बजावलं, "बेन, दिवाळीपर्यंत बघू. माणसं आली नाहीत तर त्या खोलीत साडीची पार्सलं ठेवीन!"

*

मी झोकात बोर्ड लावला, 'खास वृद्धांसाठी'. आठवडाभर एक माणूस फिरकला नाही! बोर्डाखालच्या सावलीत मात्र दोन आजोबा रोज गप्पा मारत बसायचे. शेवटी मीच एकांना म्हटलं, "आजोबा, आत या ना."

"मी कशाला? हा म्हातारा आहे, याला न्या!"

दुसरे उखडले. "मी म्हातारा? याच्या लग्नात मी हाफ पँटीत होतो!"

मी बोर्ड बदलला, 'गुडघेदुखी'. दुसऱ्या दिवशी दारात रांग! सगळ्यात पुढे तेच दोघे.

*

एकजण वडिलांना घेऊन आला. म्हणाला, हे सगळं विसरतात. मी तिकडच्या पद्धतीने तपासणी सुरू केली.

"बाबा, आपले पंतप्रधान कोण?"

तेव्हा दिल्लीत सरकारं भराभर बदलत होती. बाबा थोडा विचार करून म्हणाले, "आज सकाळच्या बातम्या ऐकल्या नाहीत. कालचा सांगू का?"

मी मुलाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती! तो प्रश्न मी तपासणीतून काढून टाकला.

*

दगडूआप्पांचे कान लूमच्या खडखडाटाने गेलेले. मोठी खटपट करून त्यांना कानाचं मशीन मिळवून दिलं. आठवड्याभरात त्यांची बायको आली आणि मशीन माझ्या टेबलावर ठेवलं.

"चालत नाही का काकू?"

"चालतं ना, तीच तर पंचाईत! आम्ही सासूसुना यांच्याबद्दल यांच्यासमोरच बोलायचो. आता प्रत्येक वेळी गच्चीवर जावं लागतं. जिने चढून माझे गुडघे गेले!"

*

पेशंटच्या घरच्यांना बोलावून एकत्र बसवावं, हे मी तिकडे शिकले होते. बँकेतल्या एका साहेबांच्या आई हल्ली गप्प गप्प असायच्या, म्हणून मी सगळ्यांना बोलावलं. लग्नाला निघाल्यासारखे सगळे नटूनथटून आले!

मी विचारलं, "आजींशी घरात रोज कोण बोलतं?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने मुलाकडे, मुलाने घड्याळाकडे.

आजीच म्हणाल्या, "टीव्ही. तोही हिंदीत!"

*

गोजरबाई ठणठणीत होत्या, तरी पहिल्या दिवसाच्या रांगेपासून यायच्या. एकदा मी त्यांना मनःस्थितीबद्दलचे प्रश्न विचारायला घेतले.

"तुम्हाला कधी एकटं वाटतं का?"

"तुले वाटस का व माय?"

"मला? नाही... म्हणजे, कधीतरी."

"लगीन व्हयनं का?"

"नाही."

गोजरबाई तडक उठल्या. बाहेर जाऊन त्यांनी रांगेला सांगितलं, "डॉक्टरीनले एकटं वाटस. आपण येत राहूत!"

त्या दिवसापासून रांग दुप्पट झाली. दुखत कुणाचंच काही नव्हतं. सगळे माझ्या सोबतीला!

*

दिवाळीच्या तोंडावर मनहरकाका न कळवता पाहणीला आले. मी आत एका आजोबांचा रक्तदाब बघत होते. काका साठीच्या पुढचे, साधे पांढरे कपडे, चालताना जरा लंगडत. गोजरबाईंनी त्यांना पेशंट समजून हात धरून रांगेत बसवलं.

तीन शब्द सांगायचे, मग इकडचंतिकडचं बोलायचं आणि ते शब्द परत विचारायचे, ही माझी चाचणी गोजरबाईंना एव्हाना पाठ झाली होती.

"भाऊ, ध्यान दे. केळं, कुलूप, ढोल."

मग त्यांनी काकांना गुडघे विचारले, मुलं विचारली, सुना विचारल्या. सुनांवर काका बराच वेळ बोलले.

"आता ते शब्द सांग."

"केळं... कुलूप..." काकांच्या कपाळावर घाम! सगळी रांग पुढे वाकली.

"अरे, पण मी ट्रस्टी आहे!"

"तू ट्रस्टी सेस, ते ठीक. तिसरा शब्द सांग!"

गलका ऐकून मी बाहेर आले, तोवर काका खोलीत डोकावूनही न बघता गाडीत बसून गेले होते. संपलं, म्हटलं. संध्याकाळी मी भिंतीवरचे तक्ते उतरवले, वजनकाटा कपड्यात गुंडाळला.

सकाळी फोन वाजला.

"बेन, केळं, कुलूप... ना ना, तिसरा तुम्ही बोलशो नहीं! मंगळवारे हूं आवुं छुं, येतोच मी. त्या रांगेवाल्या माजीने कहेजो, लाइनमां मारी जग्या राखे!"