विहिरीतली माणसं समुद्रात

रोज एकाच विहिरीत उड्या मारणारी चार माणसं असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते साचतात. एक सांगून मोकळं व्हावं तर खालून दुसरा वर येतो. आमचे नाना म्हणायचे, "गाळ शे भो तो! कितलाबी उपसा, दरसाल तितलाच!"

नाना म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, कारण विहीर त्यांची. पाचोऱ्याच्या रस्त्याला त्यांचा केळीचा मळा, आणि मळ्यात ही चांगली रुंद, पायऱ्यांची विहीर. अर्ध्या गावाला पोहायला नानांनीच शिकवलेलं. पाठीला डबा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक नानांच्या हातात! बाकीचे आम्ही तिघं: टेलरिंगचं दुकान असलेले सलीमभाई, हायस्कुलात विज्ञान शिकवणारे गायकवाड सर, आणि पंचायत समितीत कारकुनी करणारा मी.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. नानांना अटॅक आला. मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं, वाचले. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "हळूहळू पोहायला हरकत नाही." पण घरी अक्का होत्या. अक्का म्हणजे नानांच्या मंडळी. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला.

"डागदरनं काय जास? नवरा मना शे!"

झालं! नानांचं पोहणं बंद. नाना रोज पहाटे धुतलेलं धोतर नेसून काठावर बसायचे आणि वरून सूचना द्यायचे. "सलीम, पाय हालव! मास्तर, मान खाले!" आम्हाला पोहणं गोड लागेना. पाण्यात शिरताना चोरी केल्यासारखं वाटायचं.

* * *

सलीमभाईंचे साडू गोव्यात हॉटेलवर गाडी चालवायचे. त्यांनी कळवलं, एका ओळखीच्या माणसाची बोट आहे, सीझन अजून सुरू झालेला नाही, दिवसभर फक्त तुम्हालाच मिळेल. बेटाजवळ नेतो, तोंडाला काच लावून, नळीनं श्वास घेत मासे बघायचे. बोटीचं नाव सांगितलं कॅटमरान.

"मरान?" अक्कांनी तेवढंच धरलं. "नावमाच मरान शे, आनि तुम्ही जातस?"

गायकवाड सरांनी समजावलं की दोन बोटी शेजारी बांधून वर फळी टाकलेली असते, ती उलटत नाही. नाना लगेच म्हणाले, "म्हनजे बैलजोडी! एक बठना तरी दुसरा उभा ऱ्हास!"

शेवटी अक्कांनी परवानगी दिली ती अशी. नाना येतील, बोटीत बसतील, समुद्र बघतील. पाण्यात पाय घालायचा नाही. आणि लक्ष ठेवायला त्या स्वतः येतील.

नाना 'हो' म्हणाले. पण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "एकदाव पानीमा जाऊ दे रे माले. मंग घरमा खाटलावर पडी ऱ्हासू." त्या दिवसापासून आमची सहल बाजूला राहिली. नानांना पाण्यात कसं उतरवायचं, एवढाच प्रश्न उरला.

* * *

सरांनी तयारी शास्त्रशुद्ध घेतली. नळीनं श्वास घेण्याची सवय पाहिजे म्हणून त्यांनी मळ्यातल्या पपईचे देठ कापून आणले. पोकळ असतात ना! एक टोक तोंडात, दुसरं पाण्याच्या वर, आणि आम्ही तिघं विहिरीत डोकी बुडवून स्तब्ध.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातला माणूस मोटर चालू करायला आला. त्यानं आत वाकून पाहिलं. माणूस एक नाही, आणि पाण्यात तीन देठ उभे! तो तसाच अक्कांकडे पळाला.

"अक्का, विहीरमा पपया उगन्यात!"

अक्का भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उगू दे. पिकन्यात का सांगजो."

* * *

सलीमभाईंनी चौघांना पोहण्याच्या चड्ड्या शिवल्या. चौथी नानांची, ती अक्कांपासून लपवून. कापड होतं गादीच्या खोळीचं, निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं. म्हणाले, "मजबूत है, फाटणार नाही."

फाटली नाही हे खरं. पण गोव्याच्या किनाऱ्यावर आम्ही तिघं ओळीनं उभे राहिलो तेव्हा एक गोरी बाई फोटो काढायला धावली. तिला वाटलं आम्ही कुठल्या तरी पथकातले आहोत. सर शरमेनं लाल झाले. सलीमभाईंनी मात्र छाती काढून तिला विचारलं, "मॅडम, आपका नाप लूं?"

* * *

बोटवाल्याचं नाव मिंगेल. आम्ही त्याला कॅप्टन म्हणायचो. किनारा सोडला आणि अक्कांनी पाहुणचार सुरू केला. दुपारसाठी भरीत-पुरीचा डबा वेगळा होता, तो फळीखाली ठेवलेला. आत्ता नुसता नाष्टा म्हणून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

"भाऊ, जरा बेतानं घ्या," सरांनी कॅप्टनला सावध केलं.

"अरे, आमी गोंयकार! तिखट खाऊनच वाढलो!" म्हणत त्यानं भाकरीवर ठेच्याचा गोळा घेतला आणि सबंध तोंडात टाकला.

पुढच्या क्षणी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुकाणू सोडून दिलं आणि अक्कांचा पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तो रिकामा झाल्यावर आमचं पाण्याचं कॅनही उचललं. इकडे बोटीनं शांतपणे तोंड फिरवलं आणि किनाऱ्याकडे निघाली.

"सर," सलीमभाई ओरडले, "बोट जळगावला चालली!"

* * *

बेटाजवळ नांगर टाकला. पाणी असं नितळ की तळाची वाळू दिसत होती. आम्ही तिघांनी उड्या मारल्या, आणि जे केलं ते फक्त आम्हीच करू शकतो.

आमच्याकडे रिवाज आहे. विहिरीत उतरलं की आधी ओंजळभर पाणी पिऊन घ्यायचं. विहिरीला नमस्कारही होतो आणि तहानही भागते. वर्षानुवर्षांची सवय! तिघांनीही ओंजळ भरली आणि भक्तिभावानं घटाघटा प्यायलो.

पुढचा पाव तास आम्ही खोकण्यात घालवला. समुद्र खारट असतो हे शाळेत शिकवणारे गायकवाड सर सगळ्यात जास्त प्यायले होते!

त्यातून सावरलो तर कॅप्टन वरून हाक मारायला लागला. "ओ साहेब, तिकडे खडकाकडे जा ना, मासे तिथं आहेत! गोल गोल काय फिरता?"

तेव्हा आमच्या लक्षात आलं. तिघंही एकामागोमाग गोल फिरत होतो. जन्म विहिरीत गेल्यावर सरळ पोहण्याचा प्रश्न येतोच कुठे? चार हात मारले की आमचं अंग आपोआप वळतं.

"सवय आहे हो," सर धापा टाकत म्हणाले. "पुढं भिंत असते!"

* * *

दम खायला बोटीवर आलो, तर सरांच्या काचेवर वाफ धरलेली. कॅप्टन म्हणाला, "आतून थुंका आणि पुसा. वाफ धरत नाही."

सरांना ते काही जमेना. एवढ्या चांगल्या वस्तूत थुंकायचं कसं? बोटीच्या कडेला बसलेल्या नानांना मात्र काहीतरी काम मिळालं. "आना आठे!" म्हणाले आणि काच घेऊन मनापासून थुंकले.

काच तपकिरी झाली.

अटॅक आल्यावर नानांनी तंबाखू सोडली होती. निदान अक्कांना, डॉक्टरांना आणि आम्हाला त्यांनी तसं सांगितलं होतं. अक्कांनी काचेकडे पाहिलं, मग नानांकडे पाहिलं आणि नुसता हात पुढे केला. नानांनी कमरेची पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. अक्कांनी ती समुद्रात भिरकावली.

पुडी बुडेपर्यंत नाना तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आते माशास्ले अटॅक येई!"

आम्ही हसलो खरे. पण आता अक्का नानांना पाण्याचं नावसुद्धा काढू देणार नव्हत्या. लपवून आणलेली चौथी चड्डी सलीमभाईंनी पिशवीत आणखी खाली दाबली.

* * *

आणि हा शेवटचा किस्सा.

नाना बोटीच्या कडेला बसून आम्हाला सूचना देत होते. "मास्तर, मान खाले! सलीम, घाबरू नको!" आम्ही पाण्याखालचं बघून वर यायचो आणि सांगायचो, नाना, पिवळा मासा! नाना, पोपटासारखा हिरवा! नाना, झुंडच्या झुंड! नाना "हां, हां" म्हणायचे. मग नुसतीच मान हलवायला लागले. मग तीही थांबली. मांडीवर हात ठेवून ते पाण्याकडे बघत बसले.

नाना गप्प बसलेले अक्कांनी आयुष्यात पाहिले नसावेत. नानांनी हट्ट केला असता तर त्या नक्की भांडल्या असत्या. पण या गप्प बसण्यापुढे त्यांचं काही चालेना. त्यांनी दोनदा पदर सारखा केला. मग उठल्या, कोपऱ्यातलं दोराचं वेटोळं उचललं आणि म्हणाल्या, "उठा."

"काय?"

"उठा म्हनस ना!"

त्यांनी नानांच्या कमरेला दोर बांधला. वर बोटीवरचं तरंगायचं फुगीर जाकीट चढवलं. ज्या माणसानं अर्धं गाव दोराला बांधून पाण्यात सोडलं, तोच आज लहान पोरासारखा हात वर करून उभा होता. सलीमभाईंनी घाईघाईनं पिशवीतून चड्डी काढली, तर अक्का म्हणाल्या, "माले ठाऊक शे ती. घाला." दोराचं टोक अक्कांनी आपल्या मनगटाला दोन वेढे देऊन धरलं.

नाना शिडीवरून उतरले. पाणी छातीला लागलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग काच लावली, नळी तोंडात धरली आणि पालथे होऊन तोंड पाण्यात घातलं.

आम्ही एव्हाना बोटीवर आलो होतो. नाना पाण्यावर पालथे. हात पसरलेले, पाय पसरलेले. हालचाल नाही.

"अहो!" अक्कांनी हाक मारली.

उत्तर नाही.

"नाना!" मी ओरडलो.

काही नाही. अक्कांनी दोराला हिसका दिला. नाना हातभर सरकले आणि पुन्हा तसेच पडून राहिले. आमच्याकडे विहिरीत माणूस असा पालथा दिसला की त्याचा अर्थ एकच असतो. सलीमभाईंचे ओठ हलायला लागले. सर "नाना, नाना" म्हणत शिडी शोधत होते, आणि शिडी त्यांच्या पायाशी होती. पलीकडच्या टोकाला नांगराशी खटपट करणारा कॅप्टन ओरडत होता, "नळी बघा! नळी वर आहे!" पण ऐकतो कोण?

धप्पकन आवाज झाला.

अक्का नव्हत्या! बोटीवर त्यांनी मनगटावरून सोडलेलं दोराचं टोक होतं, त्यांच्या चपला होत्या. आणि पाण्यात नऊवारीचा कासोटा घातलेली बाई सपासप हात मारत नानांकडे निघाली होती. आम्हा तिघांपैकी कुणाला तसं पोहता आलं नसतं. जवळ जाताच त्यांनी नानांना खांद्याला धरून गर्रकन उताणं केलं.

नानांनी तोंडातली नळी काढली.

"काय करस वं! मासा पळाडी दिना ना मना! कवयना देखी ऱ्हायंतू त्याले!"

अक्का पाण्यातच रडायला लागल्या. रडता रडता नानांच्या पाठीत दोन धपाटे घातले. बोटीवर सलीमभाई हसत होते आणि डोळे पुसत होते. सरांनी मला मिठी मारली. हायस्कुलातल्या मास्तरांनी मला मिठी मारलेली ती पहिली आणि शेवटची. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं!

रडणं थांबलं तेव्हा कुठे नानांना उमगलं की अक्का बुडत नाहीयेत.

"अवं, तुले पवता येस?"

"तापीकाठनी पोर शे मी."

"मंग इतला वरीस सांगं नही ते?"

"तुम्हीन कधी इचारं?"

अक्कांनी नानांच्या डोक्यावरची काच काढून घेतली. म्हणाल्या, "बोटमा जा. देखू द्या, काय देखी ऱ्हायंतात ते." आपल्या हातानं नानांच्या कमरेचा दोर सोडला. नानांनी तो हट्टानं अक्कांच्या कमरेला बांधला, जाकीटही दिलं, आणि शिडीनं वर येऊन दुसरं टोक हातात धरलं.

अक्कांनी पाण्यात तोंड घातलं. दोन्ही हात पसरले. लुगडं भोवती फुगून तरंगायला लागलं.

आम्ही अंग पुसलं. कपडे बदलले. कॅप्टननं आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दुपार टळली, बाईंना बोलवा. भूक लागली."

"अवं!" नानांनी हाक मारली. "चाल, जेवानं शे ना!"

उत्तर नाही. नानांनी दोर हळूच ओढला. मग जरा जोरात ओढला. सगळा दोर सरसर हातात आला, आणि त्याच्या टोकाला कुणीच नव्हतं.

नाना ताडकन उभे राहिले. लांब, खडकाजवळ, अक्कांनी डोकं वर काढलं. तोंडातली नळी काढली आणि ओरडून सांगितलं,

"डबा फळीखाले शे! आज तुम्हीच वाढी ल्या!"

आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं.