किनाऱ्याला लागणे

आमच्या शेजारी इंग्रजीचे एक निवृत्त मास्तर राहतात. कुणाच्या तोंडून इंग्रजी शब्द निघाला की चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "हा शब्द मूळचा कुठला, ठाऊक आहे?" मग सुटका नसते. आळीतले लोक त्यांच्यासमोर जपूनच बोलतात.

परवाच्या वादळात माझ्या भावाची बोट परतली नाही. फोनही लागेना. आई सकाळपासून रत्नागिरीच्या जेटीवर बसून होती. मास्तर आले आणि तिच्याशेजारी ओल्या दगडावर बसले. दिवसभर ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

संध्याकाळी बोट आली. भाऊ धडधाकट उतरला. मास्तर डोळे पुसत म्हणाले, "अराइव्ह! आपण त्याला नुसतं पोचणं म्हणतो. पण हा शब्द लॅटिनमधून आला, आणि त्याचा मूळ अर्थ किनाऱ्याला लागणं."

मी त्यांना थांबवणार होतो, तोच भावाचा हात घट्ट धरून आई दिवसभरात पहिल्यांदा हसली.

"बोला मास्तर," ती म्हणाली, "आज काय सांगायचं ते सगळं सांगा. मी ऐकते."